एकदाच घेतलेला बाइट

समजा, तुमच्यासमोर खुर्चीत एक बाई बसल्या आहेत. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. वरच्या आणि खालच्या हिरडीवर तुम्ही मेणाचा एकेक कठडा बसवला आहे, घोड्याच्या नालाच्या आकाराचा. आता काम एवढंच उरलं आहे: त्यांना तोंड मिटायला सांगायचं आणि दोन्ही कठडे जिथे भेटतील तिथे ते एकमेकांना चिकटवून टाकायचे. त्याच जागेच्या भरवशावर पुढे सगळे दात उभे राहणार.

सोपं वाटतं ना? मग वाचता वाचता एक करून बघा. खालचा जबडा थोडा पुढे काढून तोंड मिटा. मिटलं? आता जिभेचं टोक टाळूवरून जमेल तेवढं मागे न्या आणि पुन्हा मिटा. जबडा मागे गेला. तोंड दोन्ही वेळा मिटलं. तुमचे दात शाबूत असतील तर ते जबड्याला बरोबर त्याच्या नेहमीच्या जागी नेऊन बसवतात. दात गेले की ही खूणच पुसली जाते आणि जबडा सवयीने कुठेही थांबतो. पण कानाजवळच्या सांध्यात त्याची एक मागची, निवांत जागा असते. घोट गिळताना तो आपोआप तिथे जातो. ती जागा शोधून मेणात पकडून ठेवणं, याला आमच्या लॅबमध्ये ‘बाइट घेणं’ म्हणतात.

ती जागा चुकली तर? आपले खरे दात हाडात रोवलेले असतात, थोडा इकडचा तिकडचा धक्का ते सोसतात. कवळी मात्र ओल्या हिरडीवर नुसती टेकलेली असते. एका बाजूला आधी टेकली की दुसऱ्या बाजूने उचलली जाते. म्हणून दोन्हीकडचे मागचे दात एकाच क्षणी टेकावे लागतात. चघळताना जबडा बाजूला गेला तरी दोन्हीकडे टेकलेले राहावे लागतात. पुढच्या दातांनी तोंड मिटताना एकमेकांवर आदळायचं नसतं. एक पाय लांब असलेल्या स्टुलावर तुम्ही कधी बसला असाल. बाइट चुकलेल्या माणसाला तसल्या स्टुलावर बसून रोज दोन वेळा जेवायचं असतं.

हे सगळं ज्यांनी मला शिकवलं त्यांना लॅबमध्ये मेणकाका म्हणतात. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, अंगाला कायम वितळलेल्या मेणाचा वास. आमची लॅब दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तीन टेबलं, एक स्पिरिटचा दिवा, प्लास्टरच्या धुळीने पांढरी झालेली खिडकी आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले जबड्यांचे साचे. काका त्या साच्यांकडे बोट दाखवून म्हणतात, “ही माझी पेशंट मंडळी. दिवसभर तोंड उघडं ठेवून गप्प बसतात. घरी एवढं कुणी ऐकत नाही माझं.”

अवघड जबडा आला की खालून डॉक्टरांचा निरोप यायचा आणि काका हात धुऊन जिना उतरायचे. त्यांचा एक नियम होता. बाइट घेतला की पेशंटला उठवायचं, खिडकीपर्यंत चालवायचं, घोटभर पाणी पाजायचं आणि पुन्हा बसवून दुसरा बाइट घ्यायचा. दोन्ही तंतोतंत जुळले तरच काम पुढे. “एक बाइट म्हणजे अफवा,” ते म्हणायचे. “दोन सारखे आले तर बातमी.” डॉक्टर घाईत असले तरी काका ऐकायचे नाहीत. चाळीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. तो वहिनींच्या वेळी.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. आई नव्हती. वहिनींनीच त्यांना न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, पाढे पाठ करून घेतले. दिवे गेले की घरात मेणबत्त्या लागायच्या, आणि उरलेल्या तुकड्यांची काका माणसांची तोंडं करायचे. नाक, कान, दात, सगळं. दादाला तो रिकामटेकडेपणा वाटायचा. त्याने एकदा ती सगळी तोंडं चुलीत टाकली. तेव्हा वहिनी दादाला म्हणाल्या होत्या, “त्याच्या हातात काहीतरी आहे हो. तुमच्या डोळ्यांत नाही, त्याला तो काय करणार?” पुढे सतराव्या वर्षी काका या धंद्यात आले, तेही वहिनींनीच दादाच्या मागे लागून लागून. दादाच्या लेखी मात्र त्यांचा धाकटा भाऊ कायम ‘दातवाला’च राहिला.

वहिनींच्या तोंडात शेवटची सहा वर्षं पुढचेच आठ दात उरले होते, चार वर आणि चार खाली. दाढा एकही नाही. “मी आता उंदीर झालेय,” त्या हसून सांगायच्या, “पुढच्यांनीच कुरतडते.” त्यासाठी खालचा जबडा पुढे काढून खायची त्यांना सवय लागली होती. तेही दात हलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी ते काढले, हिरड्या भरून यायला तीन महिने दिले आणि मग मापं घेतली.

“भाऊजी, अखेर तुमच्या दुकानातला माल मलाच घ्यायची पाळी आली,” वहिनी म्हणाल्या.

बाइटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “घरचंच माणूस आहे. तुम्हीच घ्या. माझ्यापेक्षा तुमचा हात हलका.” आणि ते शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले.

एरवी काका पेशंटच्या बाजूला उभे राहतात, अंगठा आणि एक बोट हनुवटीला लावतात आणि जबडा हलकेच वरखाली करत राहतात. पेशंट गप्पांत गुंतला की जबडा सैल पडतो आणि मग स्वतःहून मागे जातो. अशा शेकडो अनोळखी हनुवट्या त्यांच्या हातांत आल्या होत्या. त्या दिवशी खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. बिनदातांचं तोंड दिसू नये म्हणून त्यांनी रुमाल ओठांवर धरला होता. काकांना त्या हनुवटीला हात लावायचा धीर झाला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी वहिनींच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. ते हातभर अंतरावर उभे राहिले.

“वहिनी, दाताखाली काही धरल्यासारखं करा.”

“दात कुठायत, भाऊजी?”

दोघंही हसले. वहिनींनी रुमाल बाजूला केला आणि मनापासून, सांगितलं तसं, धरून दाखवलं. गेली सहा वर्षं जसं धरत होत्या तसंच, जबडा पुढे काढून. दोन्ही कठडे सुरेख भेटले. काकांनी मेण गार केलं आणि कठडे बाहेर काढले.

“झालं? सुटले बाई,” वहिनींनी रुमाल पुन्हा ओठांवर घेतला. “लाज वाटते हो, असं तोंड वासून बसायला.”

खिडकीपर्यंत चालवणं, पाणी, दुसरा बाइट हे सगळं काकांच्या जिभेवर आलं होतं. ते म्हणाले, “झालं.”

वर येऊन त्यांनी साचे बिजागरीच्या यंत्रावर चढवले. हे यंत्र जबड्यासारखं उघडतं, मिटतं, बाजूला सरकतं. मग बारा दिवस काका त्या कवळीला चिकटून बसले. वहिनींच्या लग्नातला फोटो समोर ठेवून त्यांनी पुढचा एक दात किंचित तिरका लावला, फोटोत होता तसा. दातांमध्ये निळा कागद धरून यंत्र मिटायचं, ठिपके बघायचे, केसाएवढं घासायचं, पुन्हा मिटायचं, असं चाललं होतं. शेवटी दोन्ही बाजूंना सारखे ठिपके उमटले. “इतकं देखणं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही,” काका म्हणतात. मधे एकदा मेणातच दात लावून तोंडात घालून पाहिले, तेव्हाही वहिनींनी तसंच मिटून दाखवलं आणि काका तसेच हातभर लांब उभे होते.

कवळी द्यायला ते रविवारी सकाळी दादाच्या घरी गेले. डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, कुठे टोचलं तर सोमवारी आणतो. वहिनी आरशासमोर बसल्या. मागे दादा आणि त्याची लेक, म्हणजे काकांची पुतणी. वहिनींनी कवळी घातली आणि वळून सगळ्यांकडे बघून हसल्या.

“अगं, ही तर तूच!” दादा म्हणाला.

“काका, तिरका दातसुद्धा?” पुतणी ओरडली. “आता आईला हसू नको म्हणून सांगायची सोय नाही.”

दादाने काकांच्या पाठीवर हात ठेवला. “मी तुझी ती मेणाची तोंडं जाळली होती,” तो म्हणाला. “गाढवच होतो मी.”

ते वाक्य ऐकायला काका पंचेचाळीस वर्षं थांबले होते. आणि नेमक्या त्याच वेळी वहिनींनी आवंढा गिळला.

खट्.

अगदी बारीक आवाज. वरची कवळी केसभर सरकली आणि वरच्या ओठाची कड हलली. दादाला कळलं नाही, पुतणीलाही नाही. काकांना सगळं कळलं. गिळताना जबडा त्याच्या खऱ्या जागी मागे गेला होता. तिथे मागच्या दातांचे उंचवटे समोरच्या खळग्यांत न बसता उतारांवर आपटून घसरले. म्हणजे बाइटच चुकला होता. घासून सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतं, सगळं मोडून पहिल्यापासून करायला हवं होतं.

दादाचा हात अजून पाठीवरच होता.

“नवीन आहे,” काका म्हणाले. “सवय होईल.”

वहिनींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. “छान बसली हो, भाऊजी.”

पुढचे चौदा महिने काका दर रविवारी त्या घरी जात आणि दर रविवारी विचारत, “बसतेय ना?” वहिनी लगेच मिटून दाखवायच्या, आणि कवळी पुस्तकातल्या चित्रासारखी बसायची. कारण दाखवताना त्या जबडा पुढे काढायच्या. काका मान डोलवायचे. त्यांना ठाऊक होतं की आपण जे बघतोय त्याला काही अर्थ नाही. एकदा घोट गिळायला सांगितलं असतं तर पुरे होतं. ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

वहिनी उतरत चालल्या. वजन छपन्नवरून पंचेचाळीसवर आलं. बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या. दादा म्हणायचा वयाने होतं, शेजारी म्हणायचे साखर तपासा. पुतणी तेवढी हुशार. ती म्हणाली, “आई हल्ली सगळ्यांचं झाल्यावर एकटीच जेवते. विचारलं की म्हणते, मला वाढायला आवडतं. पूर्वी कुठे आवडायचं?”

रक्त तपासलं, साखर तपासली, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं व्यवस्थित. मग मोठ्या डॉक्टरांनी घशातून पोटात नळी घालून बघू या म्हणून सांगितलं. दादाला हॉस्पिटलचा वासच सोसवत नाही, म्हणून वहिनींबरोबर पुतणी आणि काका गेले. दाराशी नर्स म्हणाली, “आजी, दात काढून ठेवा.”

वहिनींनी तोंड फिरवून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि काकांच्या हातात दिली. “सांभाळा हो,” त्या म्हणाल्या. “तुमचीच वस्तू आहे.”

काका बाकावर बसले. पाऊण तास तो रुमाल त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो उघडला नाही. उघडला असता तर काय दिसलं असतं ते त्यांना माहीत होतं. शेजारी पुतणी नखं कुरतडत होती. “काका, काही वाईट निघालं तर?” तिने विचारलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आत जाऊन ती नळी थांबवायला हवी होती. काका म्हणाले, “काही निघणार नाही बघ.”

वहिनी बाहेर आल्या त्या घसा चोळत. काकांकडे बघून त्यांना हसू आलं. “भाऊजी, नळी माझ्या घशात घातली, चेहरा तुमचा का उतरलाय?”

काही निघालं नाही. दादाने देवाचे आभार मानले. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी, दादा आपला चष्मा काकांकडे विसरला होता तो द्यायला, काका दुपारी अचानक त्या घरी गेले. दादा बाहेर गेला होता, दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. वाटीत दुधात भिजवलेला पाव होता आणि त्या तो चमच्याने चेचत होत्या. ओट्यावर एका कपात, वर बशी झाकून, कवळी ठेवलेली होती.

चाहूल लागताच त्यांचा एक हात तोंडावर गेला आणि दुसरा कपाकडे. काकांचा हात आधी पोचला.

“राहू द्या, वहिनी.”

त्यांनी कवळी उजेडात धरली. चौदा महिने चावलेल्या दातांवर झिजल्याच्या गुळगुळीत, चमकत्या खुणा पडतात. या दाढांचे उंचवटे त्यांनी कोरले होते तसेच धारदार होते. कवळी रोज घासली जात होती, रोज चमकवली जात होती, आणि रविवारखेरीज तोंडात जात नव्हती.

“कुठे लागतं?”

वहिनींनी खालचा ओठ ओढून दाखवला. हिरडीच्या आतल्या बाजूला, पुढे, एक जुनी लाल रेघ होती. जबडा मागे गेला की वरचे दात खालची कवळी पुढे ढकलणार आणि तिची आतली कड नेमकी तिथेच रुतणार. काकांना वाचायला अवघड नव्हतं.

“तुमचं काम चांगलंच आहे हो,” वहिनी बोबड्या, बिनदाती आवाजात म्हणाल्या. “माझंच तोंड वाकडं. तुम्ही म्हणाला होतात ना, सवय होईल. ती काही मला जमली नाही.”

काका तिथेच जमिनीवर बसले. “वहिनी, चूक माझी आहे. बाइट चुकला. दोनदा घ्यायचा असतो. मी एकदाच घेतला.”

“एवढंच ना?” वहिनी म्हणाल्या. “मग आता दुसऱ्यांदा घ्या. त्यासाठी जमिनीवर बसायला कशाला हवं?”

दहा दिवस काहीच घालू दिलं नाही, रेघ भरून आली. मग दवाखान्याची तीच खुर्ची. डॉक्टर या वेळी शेजारी उभे होते.

“वहिनी, हनुवटी धरावी लागेल.”

“धरा की. तुमची हनुवटी धरूनच भांग पाडायची मी. किती वळवळ करायचात!”

काकांनी अंगठा आणि बोट लावलं. वहिनी भांगाबद्दल, शाळेबद्दल बोलत राहिल्या आणि बोलता बोलता जबडा सैल पडला. “आता जीभ मागे. घोट गिळल्यासारखं करा.” जबडा मागे गेला आणि थांबला. खिडकीपर्यंत चालवलं, पाणी दिलं, दुसरा घेतला. मग तिसराही. तिन्ही जुळले. वर जाऊन यंत्रावर जुना बाइट आणि नवा बाइट शेजारी शेजारी ठेवले. फरक जवळजवळ एका दाताच्या रुंदीएवढा होता. एवढ्या अंतरात वहिनींचं अकरा किलो वजन गेलं होतं.

नवी कवळी बसली तेव्हा काकांनी आधी घोट गिळायला सांगितलं आणि कान तोंडाजवळ नेला. आवाज नाही. निळा कागद धरला, दोन्हीकडे ठिपके. मग त्यांनी खिशातून आणलेली काकडीची फोड दिली. वहिनींनी ती मागच्या दाढांखाली नेली आणि कर्रकन आवाज झाला. त्या इतक्या दचकल्या की स्वतःलाच हसल्या.

आता त्या सगळ्यांबरोबर जेवायला बसतात. वजन बावन्नपर्यंत आलं आहे. गोष्ट इथे संपली असती आणि काकांनी ती मला कधी सांगितलीही नसती. पण एक दिवस मी एका कामाचा एकच बाइट घेऊन यंत्रावर चढवला. मला वाटलं आता रागावणार. काका माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि त्यानंतरच्या एका रविवारचंही.

त्या रविवारी सगळे जेवत होते. पुतणीने सहज विचारलं, “काका, तुमचं तर कामच हे. आईची कवळी चुकलीय हे तुम्हाला आधी नाही का कळलं?”

“नाही गं,” काका म्हणाले. “आधी नाही कळलं.”

वहिनी वाढत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी काकांच्या ताटात आणखी एक काकडीची फोड ठेवली आणि पुढे सरकल्या.

जुनी कवळी अजून काकांच्या टेबलावर, जुन्याच बाइटसह, यंत्रावर चढवलेली आहे. त्यांनी ती माझ्यासमोर मिटली. अगदी निमूट बसली. मग बिजागरीचा खिळा सैल करून त्यांनी खालचा साचा मागे सरकवला आणि पुन्हा मिटली. खट्.

“एवढासाच होता,” ते म्हणाले. “चूक झाली हे मी वहिनींना सांगितलं. पण ती कवळी दिली त्याच सकाळी मला कळली होती, हे नाही सांगितलं. आता विचारायला गेलो तर तेही सांगावं लागेल. म्हणून विचारता येत नाही.”

त्यांनी यंत्र पुन्हा उघडलं. त्या तिरक्या दातावर बोट ठेवलं.

“आवाज त्यांच्याच तोंडातला. दोन हात लांब उभं राहून मला ऐकू आला, तर त्यांना आला नसेल का? आणि आला असेल, तर आरशातून माझ्याकडे बघून ‘छान बसली’ असं त्या का म्हणाल्या?”